फळमाश्या मोजायच्यात? दोन वासांच्या दोन बाटल्या लावा, पण एका झाडावर नको

आमच्याकडे मानकुराद कापला आणि आत वळवळ दिसली की "किडे पडले" म्हणायचं आणि आंबा फेकायचा, कुठल्या माशीचे किडे ते कोणी विचारत नाही. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका कुळागरात, म्हणजे नारळ-पोफळीच्या मिश्र बागेत, त्याच्या मागच्या रानाच्या कडेला आणि खालच्या भाजीच्या मळ्यात बाटल्या टांगून दोन वर्षं हेच विचारत बसलोय. कॉलेजच्या पोरांना प्रोजेक्टसाठी किंवा बागायतवाल्यांना हौस म्हणून करता येईल असं काम आहे, म्हणून माझी पद्धत लिहितो.

आधी एक घोळ मिटवू. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावतात ती चिलटं, म्हणजे ड्रोसोफिला, ती आपली नव्हेत. आपली फळमाशी टेफ्रिटिडी कुळातली, घरमाशीएवढी किंवा जरा बारीक, अंगावर पिवळे पट्टे, लांबून बघितली तर छोटी गांधीलमाशीच वाटते. मादी सालीच्या आत अंडी घालते आणि अळी मोठी झाली की फळातून बाहेर पडून मातीत कोष करते.

ल्युअर, म्हणजे माश्यांना ओढणारं वासाचं आमिष, दोन घ्यायचे, मिथाइल युजेनॉल आणि क्यूल्युअर. दुकानदार दोघांनाही "कामगंध सापळा" म्हणून विकतो, पण हा मादीचा वास नाही, हे वेगळेच पदार्थ आहेत ज्यांच्यामागे फक्त नर वेडे होतात. मिथाइल युजेनॉल तर तुळशीतही असतं. हे कळलं कसं त्याचा किस्सा भारी आहे, बिहारमधल्या पुसाला हॉलेट नावाचा कीटकशास्त्रज्ञ होता, त्याचा शेजारी डास येऊ नयेत म्हणून सिट्रोनेला तेल वापरायचा आणि त्या वासावर फळमाश्या यायच्या, १९१२ मध्ये हॉलेटने ते छापलं आणि १९१५ पर्यंत त्यातून मिथाइल युजेनॉल शोधून काढलं. आजही आंब्याची माशी पकडायला जगभर तेच वापरतात.

मिथाइल युजेनॉलवर आंबा, पेरू, चिकूवाल्या माश्या येतात, बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस, करेक्टा, झोनाटा, कॅरिए वगैरे. क्यूल्युअरवर दोडकी, कारली, काकडीवाली, झ्युगोडेकस कुकुर्बिटी आणि तिचे भाऊबंद. जुन्या पेपरात हीच बॅक्ट्रोसेरा कुकुर्बिटी म्हणून सापडेल, २०१५ मध्ये झ्युगोडेकसला वेगळ्या प्रजातीचा म्हणजे जीनसचा दर्जा मिळाला, त्यामुळे दोन नावं बघून दोन माश्या मोजू नका.

सापळा घरीच होतो. एक लिटरची पाण्याची बाटली, वरच्या भागात चार भोकं, माशी आरामात शिरेल एवढी, तळाला दाभणाने दोन बारीक भोकं म्हणजे पाणी साचत नाही, आणि आत तारेला ठोकळा. ठोकळा म्हणजे अल्कोहोल, ल्युअर आणि मॅलॅथिऑन हे कीटकनाशक ६:४:१ प्रमाणात मुरवलेला प्लायवूडचा तुकडा, पण माझं ऐकाल तर तयार मिळतो तोच घ्या, घरात असली औषधं मिसळत बसू नका. कोणी मॅलॅथिऑनऐवजी डायक्लोरव्हॉस सुचवलं तर सरळ नाही म्हणा, २०२० संपल्यापासून त्यावर बंदी आहे. टांगायचं दीड-दोन मीटरवर, सावलीत, पान भोकाला चिकटणार नाही अशा जागी. तारेला ग्रीस फासा. हे मी विसरलो होतो आणि लाल मुंग्यांनी आठ दिवसांत अख्खी बाटली साफ केली, तळाशी फक्त पंख उरलेले, चमचमणारा कचरा नुसता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही ल्युअर एका बाटलीत कधीच नको आणि एका झाडावरही नको, मी कमीत कमी तीस पावलं अंतर ठेवतो. ग्लोव्हजही वेगळे. पहिल्या वर्षी मी एकाच ग्लोव्हजने दोन्ही ठोकळे लावले आणि क्यूल्युअरच्या बाटलीत डॉर्सॅलिस यायला लागल्या, आधी वाटलं काहीतरी नवीन शोध लागला, मग कळलं की माझ्याच ग्लोव्हजचा वास आहे तो. तो महिनाभराचा सगळा डेटा कचऱ्यात.

दर आठवड्याला बाटली रिकामी करायची, ठोकळा चार ते सहा आठवड्यांनी बदलायचा, पावसात तर आठवडा चुकवूच नका कारण दमट हवेत माश्यांवर बुरशी धरते आणि मग ओळखायला काही उरत नाही. माश्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायच्या, डीएनएसाठी हव्या असतील तर ९५ च्या वर. अभयारण्यात, म्हणजे मोले, बोंडला, खोतीगाव वगैरे, बाटली टांगायच्या आधी वनखात्याची लेखी परवानगी काढा, वन्यजीव कायद्याच्या कलम २८ खाली ती लागते. भाटात, म्हणजे खाजगी बागेत, मालकाला विचारलं की झालं.

ओळखायला दहापट भिंग पुरे. डॉर्सॅलिसची पाठ बहुतेक काळी, दोन बाजूंना दोन पिवळे पट्टे, पोटावर इंग्रजी T अक्षरासारखी काळी खूण, चेहऱ्यावर दोन सुटे काळे ठिपके. करेक्टाचे तेच ठिपके जोडले जाऊन आडवी रेघ झालेली असते आणि पंखाच्या टोकाला वेगळा ठिपका. झोनाटा तांबूस, पंखाच्या टोकाला ठिपका तिलाही, पण चेहऱ्याचे ठिपके सुटे. कॅरिए डॉर्सॅलिससारखीच दिसते, मांड्यांवरचे मोठे काळे डाग बघा. कुकुर्बिटी नारिंगी-तपकिरी, पाठीवर मधोमध तिसरा पिवळा पट्टा.

मोजणी सोपी आहे, आधी सापळे गुणिले दिवस करा आणि एकूण माश्यांना त्या आकड्याने भागा. ४ सापळे, ७ दिवस, ३३६ माश्या, म्हणजे रोज एका सापळ्यामागे १२. पण दोन ल्युअरचे आकडे एकत्र करून एकच विविधता निर्देशांक, म्हणजे किती जाती किती प्रमाणात आहेत ते सांगणारा आकडा, काढू नका, प्लीज. मिथाइल युजेनॉल खूप जोरात ओढतं, आंब्याच्या दिवसांत डॉर्सॅलिसचा ढीग लागतो आणि कुळागर आणि रान दोन्ही सारखेच दिसायला लागतात. प्रत्येक ल्युअरचा हिशोब वेगळा मांडा.

आणि काही माश्या दोन्ही ल्युअरना अजिबात भाव देत नाहीत. बोराच्या आळीची कार्पोमिया, काकडीवर्गातली डेकस सिलिएटस, मिरची-वांग्यातली लॅटिफ्रॉन्स. बाटली रिकामी म्हणजे माशी नाही असं लिहिलंत तर साफ चूक. यांच्यासाठी फळंच आणावी लागतात. चतुर्थीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळांची आरास, इथे कामाला येते, कवंडळ, फागलां, आंबाडे, रानातली एवढी फळं आयती एका जागी दुसरीकडे कुठे मिळणार? विकणाऱ्या बाईला "कुठल्या रानातलं गो?" विचारून गाव लिहून घ्या, विसर्जनानंतर फळं ओल्या वाळूवर ठेवून डब्याचं तोंड मलमलने बांधा. आठवड्याभरात वाळूत तांदळासारखे कोष दिसतात, आणखी आठ-दहा दिवसांत माश्या. निघाल्या निघाल्या मारू नका, तीन-चार दिवस साखरपाण्यावर ठेवा, रंग तोपर्यंत पक्का होत नाही आणि फिकट माशीवर डोकं फोडलं तरी ओळख पटत नाही.

चिठ्ठी पेन्सिलने लिहा आणि बाटलीच्या आत टाका. गाव, झाड, ल्युअर, तारीख. पेनने लिहिलेली अल्कोहोलमध्ये धुऊन जाते, माझ्या कपाटात अशा अकरा निळसर बाटल्या आहेत ज्यांचं गाव मलाही आता माहीत नाही.