घडीचा चाकू भेट देताय? आधी या चुका टाळा

खंडेनवमी जवळ आली की कुणाला तरी घडीचा चाकू भेट द्यायचं मनात येतं. शेती बघणारा मामा असतो, नुकतेच निवृत्त झालेले वडील असतात, ट्रेकिंगचं वेड लागलेला भाचा असतो. बजेट हजार-दीड हजाराचं. मग मोबाईलवर शोधाशोध सुरू होते आणि फोटोत जो भारी दिसतो तोच चाकू मागवला जातो: काळं पातं, मुठीवर कवटी, मागच्या टोकाला काच फोडायचा खिळा. घरी पार्सल उघडताना सगळे वा वा करतात. नंतर तो कपाटाच्या खणात जुन्या चार्जरशेजारी पडून राहतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की चाकू ज्याच्या खिशात जाणार त्याचा हात आणि त्याचं काम आधी बघा. पातं, पोलाद, ब्रँड हे सगळं त्यानंतर.

कामाचा पत्ताच नसतो

जालन्याकडे मोसंबीची बाग असलेल्या माणसाचा दिवस डोळ्यांपुढे आणा. खताच्या गोणीची शिवण उसवायची, सुतळी तोडायची, ठिबकची १६ मिमीची नळी सरळ कापायची, दुपारी झाडाखाली बसून एखादं मोसंबं सोलायचं. या सगळ्याला ७-८ सेंटीमीटरचं साधं, सरळ धारेचं पातं पुरतं. त्याहून लांब पातं खिशात बोचतं आणि लोकांच्या नजरेत भरतं, बाकी उपयोग काही नाही.

दातेरी पातं नायलॉनच्या दोरीवर मस्त चालतं, हे खरं. पण बोथट झालं की गावातला धारवाला ते हातात घेत नाही, आणि घेतलंच तर दाते घासून सपाट करून देतो. अर्धं साधं, अर्धं दातेरी असलेलं पातं तर मला कधीच पटलेलं नाही. लहानशा पात्यात दोन्ही कामं अर्धवट होतात.

डोळा भरायला किंवा पाचर कलम करायला हा चाकू देऊ नका. कलमाच्या चाकूला बहुधा एकाच बाजूनं धार असते, म्हणजे काप सपाट येतो. तो चाकू वेगळा ठेवतात आणि त्यानं सुतळी कापत नाहीत. डाळिंबवाल्याला छाटणीसाठी सिकेटर द्या, तो जास्त खूश होईल. आणि बीडच्या सीताफळवाल्याला चाकू देणार असाल तर सीताफळाचं कारण सांगू नका, ते हातानंच फुटतं.

आता हाताबद्दल. लाल मुठीच्या स्विस पद्धतीच्या चाकूत पात्यावर नख अडकवायची बारीक खाच असते. तरुण माणसाला त्यात काही वाटत नाही. साठीपुढच्या, बोटं आखडलेल्या माणसाला मात्र तेच पातं उघडताना घाम फुटतो. मग ऐकावं लागतं, "चाकू भारीय रे, पण उघडायला तुलाच बोलवावं लागंल." अशांसाठी पात्याला अंगठ्याची खुंटी किंवा मोठं भोक असलेला चाकू बघा. घेणारा डावखुरा असेल तर ती खुंटी दोन्ही बाजूंना आहे ना, तेही तपासा. स्वस्तातल्या बऱ्याच चाकूंना ती एकाच बाजूला असते.

लॉककडे कुणी बघत नाही

पात्याची धार सगळे अंगठ्यानं चाचपतात. उघडलेलं पातं आपोआप मिटू नये म्हणून असलेलं लॉक मात्र कुणी बघत नाही, आणि ते दगा देतं तेव्हा बोट कापतं.

साध्या स्प्रिंगवर उभ्या राहणाऱ्या चाकूला लॉक नसतं. फळं कापायला तो चांगला, पण टोक रुतवून जोर द्यायच्या कामात पातं बोटांवर मिटू शकतं. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी सरकून पात्याच्या बुडाला टेकते. बॅक लॉकचा खटका मुठीच्या पाठीवर असतो. तो डाव्या हातालाही तितकाच सोयीचा आणि चालवायला सोपा, म्हणून वडीलधाऱ्यांसाठी मी तोच सुचवतो. फ्रान्सच्या ओपिनेलला पात्याच्या बुडाशी फिरवायची कडी असते. हा चाकू १८९० सालापासून बनतोय आणि ती कडी १९५५ मध्ये आली. आठ नंबरच्या ओपिनेलचं पातं साडेआठ सेंटीमीटर भरतं. बजेट थोडं ताणता आलं तर शेतकऱ्याच्या हातात इतका साधा आणि नेटका चाकू दुसरा नाही.

दुकानात लायनर लॉकचा चाकू उघडा आणि मुठीच्या फटीतून उजेडाकडे धरून आत बघा. ती पट्टी पात्याच्या बुडावर साधारण पाव ते अर्धी आलेली असावी. नुसत्या कडेला टेकली असेल तर जोर आल्यावर सटकेल. नव्या चाकूत ती पार पलीकडच्या बाजूला जाऊन भिडली असेल तर लॉकची झीज भरून काढायला जागाच उरलेली नाही. मग बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला घेऊन पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच टेकवा. हलकेच म्हणजे हलकेच, हातोडी मारायची नाही. लॉक सुटलं तर चाकू दुकानदाराकडे परत.

शेवटी पातं हलवून बघा. डावीकडे-उजवीकडे किंचित हलत असेल तर तो स्क्रूचा प्रश्न, पिळून जातो. वर-खाली हलत असेल तर दोष लॉकचा आहे आणि तो घरी दुरुस्त होत नाही. आणखी एक गोष्ट. पातं स्क्रूवर बसवलेलं आहे की रिव्हेटवर, हे बघून ठेवा. स्वस्तातल्या चाकूची रिव्हेट ढिली झाली की तिला पुन्हा घट्ट करणं घरी जमत नाही.

'सर्जिकल स्टील' वाचून भुलणं

पात्यावर नुसतं 'स्टेनलेस' किंवा 'सर्जिकल स्टील' लिहिलेलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. गंज अडतो तो क्रोमियममुळे, धार टिकते ती मुख्यतः कार्बन आणि पाणी नीट दिल्यामुळे, म्हणजे पोलाद तापवून, विझवून नीट कडक केल्यामुळे. चिनी पोलादाची नावं वाचायला मात्र सोपी आहेत. '३ सीआर १३' म्हणजे सुमारे ०.३ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम. '५ सीआर १५' म्हणजे ०.५ आणि १५. '८ सीआर १३' म्हणजे ०.८ आणि १३. पहिला आकडा तीन असेल तर चाकू लवकर बोथट होणार, हे गृहीत धरा. हजाराच्या आसपास पाच किंवा आठवालं पोलाद मिळालं तर सौदा चांगला.

हल्ली स्वस्तात 'डी २' पोलादाचेही चाकू दिसतात. त्यात दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असतो, धार खूप टिकते. पण ज्याच्या घरी धार लावायला पायरीचा दगड किंवा साधी सहाण आहे, त्याला मी डी २ देणार नाही. एकदा बोथट झालं की त्या दगडावर ते लवकर दाद देत नाही. शिवाय ते पूर्ण स्टेनलेस नाही, ओलं ठेवलं तर डाग पडतात. भेट म्हणून मऊसर पण पटकन धार घेणारं पातं बरं.

पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी आणि 'दमास्कस' असं नाव, किंमत मात्र सातशे रुपये, असं दिसलं तर पात्याची पाठ बघा. खरी नक्षी थरांची असते, ती पाठीवरूनही पुढे जाते. छापलेली नक्षी कडेलाच संपते. काळ्या लेपाच्या स्वस्त पात्यांचंही तसंच. लेप खरवडून निघतो आणि फळाला लागतो.

लाल मूठ आणि पांढरा क्रॉस दिसला म्हणजे चाकू स्वित्झर्लंडचा, असंही समजू नका. व्हिक्टोरिनॉक्सच्या अस्सल चाकूवर पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव आणि 'स्विस मेड' असा ठसा असतो. तीनशे रुपयांत अकरा हत्यारं देणाऱ्या नकलेतली कात्री कागदसुद्धा नीट कापत नाही. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या परिसरात कृपाण आणि तलवारींची दुकानं आहेत, तिथं काही जण खिशातला चाकू शोधतात. त्या वस्तूंचं स्थान वेगळं आहे. आपल्याला हवा तो चाकू हार्डवेअरच्या किंवा ट्रेकिंगच्या दुकानात बघावा. लातूरच्या गंजगोलाईसारख्या बाजारात हातात घेऊन, चार चाकू उघडून-मिटून बघता येतात, ते ऑनलाइन जमत नाही.

कायदा: इथं घाई नको

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. खिशातला चाकू त्या मापाच्या जवळपासही जात नाही. पण बटण दाबलं की पातं टचकन बाहेर येणारा खटक्याचा चाकू भेट देऊ नका. तो बघून कुणालाही रामपुरीच आठवतो. पोलिसांनी खिसे तपासले तर "मोसंबी सोलायला आहे" हे उत्तर ऐकून घेतलं जाईलच असं नाही.

दुसरी बाब जास्त महत्त्वाची. सण, मिरवणुका, निवडणुका, आंदोलनं यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. मराठवाड्यात हे काही नवं नाही, पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी असते. आदेश लागू असताना चाकू जवळ बाळगून फिरणं हाच गुन्हा ठरू शकतो. ज्याला भेट देताय त्याला हे सांगून ठेवा. कोर्ट, कलेक्टर कचेरी अशा ठिकाणी जाताना तो घरीच राहू द्यायचा. पुण्याहून किंवा हैदराबादहून विमानानं येणाऱ्या मुलानं तो केबिनच्या बॅगेत ठेवला तर तपासणीतच जप्त होतो. चेक-इनच्या बॅगेत ठेवायचा.

घरी आल्यावरच्या तक्रारी

"पातं जड उघडतंय." बहुतेक वेळा स्क्रू जास्त आवळलेला असतो किंवा बिजागरीत काळी माती गेलेली असते. माती असताना वरून तेल सोडू नका, चिखल होतो. कोमट पाणी, साबण, जुना टूथब्रश, मग कापडानं कोरडं करून थोडा वेळ उघडं ठेवायचं. त्यानंतर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. घरातलं करडईचं तेल घालू नका. ते हवेत हळूहळू घट्ट आणि चिकट होत जातं. खोबरेल थंडीत गोठतं. फळं कापायच्या आधी पातं पुसून घ्यावं, हे वेगळं सांगायला नको.

"पातं डुलतंय." स्टार पान्यानं स्क्रू किंचित, अगदी पाव फेऱ्याहून कमी पिळा आणि उघडून-मिटून बघा. पुन्हा पुन्हा सैल होत असेल तर आट्यांना निळं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारा चिकट द्रव, लावा. लाल नको, ते सहजी सुटत नाही.

"काळं पडलं." कार्बन पोलादाच्या पात्यानं मोसंबं किंवा लिंबू कापलं की ते राखाडी-काळं होतं. तो गंज नव्हे, त्यानं बिघडत काही नाही. तांबूस डाग दिसले तर मात्र गंज. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात काकडी-पेरू कापून चाकू तसाच मिटून खिशात टाकला की गंजाची सुरुवात बिजागरीतूनच होते. खंडेनवमीला पूजा झाल्यावर ओलं हळदकुंकू पात्यावर रात्रभर राहू देऊ नका. दर्शन झालं की पुसून तेलाचा हात फिरवा. डाळिंबाच्या तेल्या रोगासाठी अवजारं सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवतात. चाकू बुडवला तर लगेच धुवून कोरडा करा, नाहीतर पात्यावर खड्डे पडतात.

"धारच राहत नाही." आधी विचारा, धार कुणी लावली? सायकलवरच्या धारवाल्याच्या कोरड्या चाकावर ठिणग्या उडेपर्यंत पातं घासलं की कड तापते. कडेला निळसर झाक आली तर तिथलं पाणी उतरलं म्हणून समजा. रंग निळा होईपर्यंत ३०० अंशांच्या आसपास तापमान गेलेलं असतं. एवढ्या उष्णतेत बहुतेक स्वस्त चाकूंचं पोलाद मऊ पडतं. ती कड झिजून जाईपर्यंत धार टिकणार नाही. यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातला एका बाजूनं जाड आणि एका बाजूनं बारीक असा दगड घ्या. पाणी लावून, पातं दगडाशी साधारण २० अंशांत धरून दोन्ही बाजू सारख्या घासा. काटकोनाचा निम्मा, आणि त्याचा पुन्हा निम्म्याहून किंचित कमी, इतका कोन. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर धारेच्या उलट दिशेनं, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, पातं ओढा. चाकूबरोबर असा दगडही द्या, पैसे वाया जाणार नाहीत.

"लाकडी मुठीत पातं अडकतंय." पावसाळ्यात लाकूड फुगतं. सावलीत वाळू द्या, उन्हात ठेवलं तर तडकेल.

लॉक सटकत असेल तर यातलं काहीच करत बसू नका. बिल काढा आणि बदलून घ्या.

देताना

धारदार वस्तू दिली की नातं तुटतं, असं घरातली मोठी माणसं म्हणतात. वाद घालू नका. घेणाऱ्याकडून एक रुपया घ्या, म्हणजे चाकू विकत दिल्यासारखा होतो आणि आजीचंही समाधान होतं. खंडेनवमीच्या पूजेत मांडून दिलात तर बहुधा तो प्रश्नही उठत नाही.

चाकू उघडा करून हातात देऊ नका, मिटलेलाच द्या. मखमली डबीवर तीनशे रुपये घालण्यापेक्षा तेच पैसे पात्यात घाला. नाव कोरायचं असेल तर मुठीवर कोरा. पात्यावर कोरलेल्या रेघांमध्ये पाणी अडतं आणि गंज तिथूनच धरतो. आणि कोरायला देण्याआधी लॉक, डुलणं, धार सगळं तपासून घ्या, कारण नाव घातलेला चाकू कुठलाही दुकानदार परत घेत नाही.