घोरणं थांबलं तरी मास्क काढू नका : लठ्ठपणातून आलेल्या स्लीप अ‍ॅप्नियावर वजन आणि शस्त्रक्रियेचे उपचार

रात्री मोठमोठ्याने घोरणारा माणूस मध्येच गप्प होतो. पोट वरखाली होत असतं, पण नाकातून हवा येत नाही. वीस-पंचवीस सेकंदांनी जोराचा घुरका येतो, माणूस कूस बदलतो आणि घोरणं पुन्हा सुरू होतं. झोपेत असा वारंवार श्वास अडण्याच्या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. शेजारी झोपणाऱ्याने अशा वेळी मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवावा. रुग्णाला स्वतःला यातलं काहीच आठवत नसतं, त्यामुळे डॉक्टरांना त्या व्हिडिओचा फार उपयोग होतो.

वजन वाढतं तेव्हा चरबी फक्त पोटावर साचत नाही. ती जिभेत आणि घशाच्या भिंतींतही साचते. जागेपणी घशाचे स्नायू ताठ असल्यामुळे वाट उघडी राहते. झोपेत ते सैल पडतात, जड जीभ मागे सरकते आणि वाट बंद होते. शिवाय उताणं झोपल्यावर पोटाचा भार श्वासपटल वर ढकलतो, फुप्फुसांत हवा कमी मावते आणि ऑक्सिजन लवकर घसरतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २०२० सालच्या अभ्यासात वजन उतरलेल्या रुग्णांचे एमआरआय तपासले, तेव्हा श्वास सुधारण्याचं सर्वांत मोठं कारण जिभेतली चरबी घटणं हे निघालं. म्हणून या आजारात वजन उतरवणं हा मुळावरचा उपाय आहे. पण तो सावकाश लागू पडतो, आणि श्वास आज रात्रीही अडकणार असतो. पुढचे सगळे निर्णय या दोन गोष्टी ध्यानात ठेवूनच घ्यायचे.

आधी मोजणी

शिंप्याची टेप घ्या. कंठमणीच्या पातळीवर मानेचा घेर मोजा, टेप सैलही नको आणि आवळूनही नको. घेर ४० सेंटीमीटरच्या वर असेल, जोडीला घोरणं, दिवसा पेंग येणं आणि रक्तदाब असेल, तर संशय पक्का समजून स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजणारी तपासणी, करून घ्यावी. दोन-तीन गोळ्या चालू असूनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल तर या तपासणीला उशीरच झालेला आहे.

स्लीप स्टडी रुग्णालयात रात्रभर राहून करता येते, किंवा छोटं यंत्र घरी आणूनही करता येते. घरच्या यंत्रात मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या तारा नसतात. तुम्ही जागे होतात की झोपलेले, हे त्याला कळत नाही. त्यामुळे जागरणाचे तासही झोपेत धरले जातात आणि दर तासाला श्वास अडण्याचा आकडा खरा असतो त्याहून कमी येतो. घरची तपासणी ‘नॉर्मल’ आली आणि लक्षणं मात्र ठळक असली, तर रुग्णालयातली करून घ्या.

अहवालातला मुख्य आकडा एएचआय, म्हणजे झोपेच्या दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा मंदावला. हे अडणं किमान दहा सेकंदांचं असेल तरच धरलं जातं. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या पुढे तीव्र. सात तासांच्या झोपेत २५२ वेळा श्वास अडला तर एएचआय ३६. त्याच पानावर आणखी दोन आकडे शोधा : ऑक्सिजन सर्वांत खाली किती गेला, आणि उताणं व कुशीवर असताना एएचआय किती होता. उताण्या आणि कुशीवरच्या एएचआयमध्ये मोठी तफावत असेल तर कुशीवर झोपण्याची सवय आजपासूनच उपयोगी पडेल.

रक्ताच्या दोन तपासण्या सहसा राहून जातात. एक टीएसएच, कारण थायरॉइड मंद असेल तर वजनही वाढतं आणि श्वासही अडतो. दुसरी बायकार्बोनेट. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ३० च्या वर आणि बायकार्बोनेट २७ किंवा त्याहून जास्त असेल, तर दिवसाही श्वास अपुरा पडून कार्बन डायऑक्साइड साचत असल्याची शंका घ्यावी लागते. हा वेगळा आणि जास्त गंभीर आजार आहे. त्याला कधी कधी बायपॅप मशीन (श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाबाने हवा देणारं) लागतं, आणि तो लक्षात न घेता भूल देणं धोक्याचं असतं.

मशीन आज रात्री

१९८१ साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी सीपॅप जगापुढे आणलं. त्याआधी तीव्र रुग्णाच्या गळ्याला छिद्र पाडण्यापलीकडे खात्रीचा उपाय नव्हता. सीपॅप मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. दाब साधारण ४ ते २० सेंटीमीटर पाण्याइतका असतो आणि प्रत्येकाचा वेगळा ठरवतात.

मशीन कपाटात जाऊन पडतं, त्याचं कारण बहुतेक वेळा मास्क असतो. मास्क दुकानात उभं राहून घालून बघू नका. आडवं व्हा, मशीन चालू करा, दाब पूर्ण वाढू द्या आणि मग पट्टे बसवा. पट्ट्याखाली एक-दोन बोटं सरकली पाहिजेत. हवा गळते म्हणून पट्टा आवळत गेलात तर नाकाच्या हाडावर जखम होते आणि गळतीही थांबत नाही, कारण आवळल्याने सिलिकॉनची गादी चुरगळते. मास्क चेहऱ्यापासून थोडा ओढून गादी फुगू द्या आणि पुन्हा टेकवा. सकाळी तोंड कोरडं पडत असेल तर हवा तोंडावाटे जाते आहे. नाक चोंदलंय का ते आधी तपासा. गादी रोज साध्या साबणाने धुवा, चेहऱ्याचं तेल राहिलं की ती घसरते. वीज जाणाऱ्या गावात मशीन इन्व्हर्टरवर ठेवा. बॅटरी लवकर उतरत असेल तर ह्युमिडिफायरचं, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या भागाचं, तापणं बंद करा, सगळ्यांत जास्त वीज तेच खातं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. नुसत्या सीपॅपने वजन उतरत नाही. अभ्यासांत उलट ते सरासरीने किंचित वाढलेलंच दिसतं. झोप सुधारली की चालायला उत्साह येतो, तो ताटावरच्या बेताशी जोडून घ्यावा लागतो.

किती वजन उतरलं तर किती फरक

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २००० साली आले. १० टक्के वजन घटलं तर एएचआय सरासरी २६ टक्के घटला, १० टक्के वाढलं तर ३२ टक्के वाढला. हा हिशेब एका माणसावर मांडून बघा. उंची १६५ सेंटीमीटर, वजन १०४ किलो, म्हणजे बीएमआय ३८, एएचआय ३६. साडेदहा किलो उतरवले तर एएचआय सत्तावीसच्या आसपास येईल. कष्ट मोठे, फायदा खरा, पण आजार अजून मध्यम आहे आणि मशीन लागणारच आहे. ज्याचा एएचआय १२ आहे त्याला मात्र तेवढंच वजन उतरवून सुटका मिळू शकते. म्हणून ‘दहा किलो कमी करा, सगळं ठीक होईल’ हा सल्ला आकडा न बघता देऊ नये आणि घेऊही नये.

रोजच्या खाण्यातून ५०० ते ७५० कॅलरी कमी केल्या की आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरतं. आपल्याकडे घोळ रात्रीच्या जेवणात असतो. साडेनऊ-दहाला पोळी, भाजी, वरण, भात असं पूर्ण ताट आणि अकराला अंथरूण. जेवण आठच्या आत घ्या, रात्रीचा भात काढा, आणि उसळ, अंडी, मासे किंवा पनीर वाढवा. उपवासाच्या साबुदाण्यात जवळजवळ सगळं पिष्टच असतं आणि वर तूप पडतं, प्रथिन फार थोडं; दिवसभर तो खाऊन वजन उतरत नाही. संध्याकाळनंतर दारू बंद. तिने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि श्वास अडण्याचा काळ लांबतो. झोपेच्या गोळ्याही डॉक्टरांना अ‍ॅप्नियाबद्दल न सांगता घेऊ नका.

औषधांत आता टिर्झेपटाइड आहे, आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचं इंजेक्शन. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ते लठ्ठपणासह असलेल्या मध्यम ते तीव्र अ‍ॅप्नियासाठी मंजूर केलं. त्यामागच्या चाचण्यांत वर्षभरात एएचआय तासाला सरासरी २५ ते २९ ने उतरला. भारतात ते मार्च २०२५ पासून मिळतं. सुरुवात २.५ मिलिग्रॅमने, आणि दर पायरी किमान चार आठवड्यांची. मळमळ आणि बद्धकोष्ठता बहुधा डोस वाढवताना होते. बंद केल्यावर वजन परत येतं, म्हणून किती वर्षं परवडेल याचा विचार सुरू करण्याआधीच करा.

वजनाची शस्त्रक्रिया

वरच्या उदाहरणातल्या माणसाने बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेचा विचार जरूर करावा. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार बीएमआय ३५ च्या वर कोणालाही, आणि ३० ते ३५ मध्ये सोबतचे आजार असतील तर ती सुचवता येते. आशियाई शरीरात कमी वजनावरच त्रास सुरू होतो, म्हणून आपल्यासाठी २७.५ पासून विचार करायला सांगितलं आहे. विम्याचा निकष मात्र याहून कडक आहे. विमा नियामक आयआरडीएआयच्या प्रमाणित अटींनुसार बीएमआय ४० किंवा जास्त हवा, नाहीतर ३५ आणि सोबत ठरावीक गंभीर आजारांपैकी एक. त्या यादीत तीव्र स्लीप अ‍ॅप्निया नावानिशी आहे. इतर उपायांना यश आलं नाही हेही दाखवावं लागतं. तेव्हा स्लीप स्टडीचा मूळ अहवाल, आहारतज्ज्ञांचे कागद आणि दर महिन्याच्या वजनाच्या नोंदी जपून ठेवा.

या शस्त्रक्रियेचे दोन मुख्य प्रकार आहेत, स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून नळी उरवतात. बायपासमध्ये जठराचा तीसेक मिलिलिटरचा कप्पा करून तो पुढच्या आतड्याला जोडतात. पहिल्या वर्ष-दीड वर्षात स्लीव्हने एकूण वजनाच्या सुमारे २५ टक्के, बायपासने सुमारे ३० टक्के उतरतं. छातीत जळजळ आणि आंबट पाणी वर येण्याचा त्रास आधीच असेल तर स्लीव्हने तो वाढतो; अशा रुग्णाला बायपास बरा.

ऑपरेशनआधी सहसा दोन आठवडे कमी कॅलरीचा द्रव आहार देतात. लठ्ठ माणसाचं यकृत चरबीने मोठं झालेलं असतं आणि दुर्बिणीच्या वाटेत येतं. या आहाराने ते आक्रसतं. त्याआधी काही आठवडे सीपॅप नियमित लावा, आणि दाखल होताना स्वतःचं मशीन व मास्क घेऊन जा. भुलीची गुंगी आणि मॉर्फिनसारखी वेदनाशामकं घसा सैल पाडतात, म्हणून धोक्याची वेळ ऑपरेशननंतरच्या रात्रींची असते. डोकं ३० अंश वर, बोटाला ऑक्सिमीटर सतत, झोप लागेल तेव्हा मास्क. दुपारच्या डुलकीतही. भूलतज्ज्ञांना एएचआय आणि मशीनचा दाब सांगा, आणि वजनाचं इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा, कारण त्याने जठर उशिरा रिकामं होतं.

घरी आल्यावर औषधाचं ३० मिलिलिटरचं छोटं माप हाताशी ठेवा. एका मापाचं पाणी घोट घोट करत दहा-पंधरा मिनिटांत संपवायचं, गटकन प्यायलात तर छातीत कळ येते. दोन आठवडे पातळ पदार्थ, पुढचे दोन घोटलेले, मग मऊ भात-वरण, आणि सहा आठवड्यांनंतर नेहमीचं अन्न. प्रथिन दिवसाला ६० ते ८० ग्रॅम हवं. एका अंड्यात सहा ग्रॅम आणि वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, त्यामुळे सुरुवातीला प्रथिनाची पावडर लागतेच. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर. बायपासनंतर आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या टाळा, जोडावर व्रण होतो. नाडी १२० च्या वर, ताप किंवा खांद्यात दुखणं असेल तर जठराच्या टाक्यांतून गळती असू शकते. फोनवर विचारत न बसता रुग्णालयात जा. उलट्या थांबत नसतील तर बी-१ लवकर संपतं आणि मेंदूला इजा होते, त्यामुळे तिथेही वाट बघू नका.

घशाचं ऑपरेशन कुणाला

पडजीभ आणि टाळू कापून घोरणं थांबवण्याचं ऑपरेशन अनेकांना सोपं वाटतं. लठ्ठ रुग्णात अडथळा जिभेमागे आणि घशाच्या बाजूंनीही असतो, त्यामुळे नुसता टाळू कापून निकाल भरवशाचा मिळत नाही. घोरण्याचा आवाज मात्र जातो, आणि आजार आवाजाशिवाय चालू राहतो. टॉन्सिल खूप मोठे असतील तर गोष्ट वेगळी, ते काढून खरा फायदा होतो. वाकडं नाकाचं हाड सरळ केल्याने अ‍ॅप्निया सहसा जात नाही, पण सीपॅप सहन होऊ लागतं, आणि तेवढ्यासाठीही ते करण्याजोगं आहे.

पुन्हा मोजणी

२०१२ साली ऑस्ट्रेलियात ६० रुग्णांचा अभ्यास झाला. जठराला पट्टा बसवलेल्यांचं वजन सरासरी २८ किलो उतरलं, आहार-व्यायामवाल्यांचं ५ किलो. एएचआय पहिल्या गटात तासाला २५ ने घटला, दुसऱ्यात १४ ने, आणि दोन्ही गटांतला हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. वजन पाचपट उतरूनही श्वास पाचपट सुधारला नाही. जबड्याची ठेवण, वय आणि स्नायूंची ढिलाई वजनाबरोबर जात नाही.

म्हणून वजन १० टक्के उतरल्यावर आणि पुन्हा ते स्थिरावल्यावर, शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्षाने, स्लीप स्टडी परत करा. मधल्या काळात गालांवरची चरबी जाते, जुना मास्क सैल होतो आणि दाब गरजेपेक्षा जास्त पडतो. पोटात हवा भरून सकाळी ढेकर येत असतील तर हीच खूण. मास्कचा लहान आकार घ्या आणि दाब नव्याने ठरवून घ्या. नव्या अहवालात एएचआय ५ च्या खाली असेल, दिवसा पेंग नसेल, तर डॉक्टरांशी बोलून मशीन थांबवा. ५ ते १५ मध्ये असेल तर कुशीवर झोपणं किंवा खालचा जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरण यावर भागतं का ते बघा. १५ च्या वर असेल तर मास्क चालू. गाडी चालवणाऱ्याने यात अजिबात तडजोड करू नये.

थांबवलेलं मशीन विकून टाकू नका. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी बऱ्याच जणांचं थोडं वजन परत येतं. दर तीन महिन्यांनी तीच टेप मानेभोवती फिरवून वहीत आकडा लिहा. तो दोन सेंटीमीटरने वाढला किंवा घरच्यांना पुन्हा तो घुरका ऐकू आला, तर मशीन बाहेर काढा आणि तपासणीची तारीख घ्या.