जुलैत रोज एक वॉटरकलर: चॅलेंज घ्यायचं आणि निभवायचं कसं

जुलै हा वर्ल्ड वॉटरकलर मंथ, 2016 पासून चालू आहे, 31 दिवस रोज एक चित्र. ऑक्टोबरातलं इंकटोबर शाईवाल्यांचं, हे आपलं. फी नाही, फॉर्म नाही, चित्र काढायचं आणि हॅशटॅग लावून टाकायचं, बस. तरी पहिला आठवडा उलटला की बरेच जण गायब होतात, आणि ते काही हात चालत नाही म्हणून नाही, तर संध्याकाळी थकून बसल्यावर "आज काय काढू" यातच तास जातो म्हणून. त्यामुळे ठरवायचं ते सगळं जूनमध्येच ठरवून टाका.

आधी साइज. छोटंच. अमेरिकेतला डुएन काइझर 2004 पासून रोज एक पेंटिंग करून नेटवर टाकायला लागला, तीही पोस्टकार्डाएवढीच असायची. आपण 22 बाय 30 इंची, 300 जीएसएमची (म्हणजे चांगली जाड) शीट घ्यायची, निम्मी, परत निम्मी असं करत 16 तुकडे करायचे, प्रत्येक साडेपाच बाय साडेसात. दोन शीटमध्ये 32 झाले, म्हणजे महिना भागून एक वर. कॉटनचा कागद महाग पडतो, साधा घेतलात तरी चालेल, फक्त त्यावर ब्रश परत परत घासू नका, साल निघते.

आता आपल्याकडची खरी अडचण, पाऊस. कागद उघडा ठेवला तर ओल धरतो, त्याचं सायझिंग (रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून कागदाला दिलेला लेप) खराब होतं आणि मग रंग टीपकागदावर पडल्यासारखा तिथेच शोषला जातो, डाग डाग दिसतात. तुकडे झिपच्या पिशवीत ठेवा, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाका सोबत. वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरट थर, वाळायला पण वेळ लागतो, कोकणात तर विचारूच नका, हेअर ड्रायर चालतो पण कागदावरची चमक गेल्यावरच आणि लांबून, नाहीतर हवेने पाणी सरकून नको तिथे ओघळ येतात.

रंग पाच-सहा पुरे. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) हे दोन तर पाहिजेतच, दोन्ही मिसळून जो ग्रे येतो ना, आपलं जुलैचं आभाळ त्यातच निघतं, काळ्या ट्यूबला हात लावायची गरज नाही. एक 8 नंबरचा गोल ब्रश, एक बारीक.

विषय. ऑफिशियल यादी असते रोजच्या शब्दांची, नवख्यांना बरी, पण मला स्वतःला एकच विषय धरून काढलेली मालिका जास्त आवडते. समजा एसटी स्टँड घेतला, तर छत्र्या, कॅन्टीनची किटली, चिखलातलं चाक, बाकावर झोपलेला माणूस, महिनाभर पुरेल आणि आठवड्या-दोन आठवड्यांत हात आपोआप मोकळा होतो कारण तेच आकार परत परत येतात. फोटो आधीच काढून फोनमध्ये वेगळा फोल्डर करा. ज्या वारी ऑफिसातून यायला उशीर होतो त्या दिवशी एकच वस्तू ठेवा, किटली किंवा चप्पल.

मग रोज 40 मिनिटांचा टायमर लावायचा. 5 मिनिटं पेन्सिल, मग मोठा वॉश, तो वाळेपर्यंत जेवून घ्या (टायमर थांबवा, चीटिंग नाही ही), उरलेला वेळ गडद भाग आणि बारीक काम. टायमर वाजला की ब्रश खाली, कारण वॉटरकलर जास्त ढवळलं की मळकटच होतं.

एखादा दिवस चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी दोन काढायला बसू नका, तिथूनच चॅलेंज सुटतं. त्या तारखेची जागा रिकामी सोडा आणि पुढे चला.

फोटो सकाळी खिडकीजवळ, फ्लॅश बंद. चित्राच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख आणि वापरलेले रंग लिहा. महिना संपला की सगळी जमिनीवर मांडून चार-पाच निवडा आणि ऑगस्टमध्ये तीच 11 बाय 15 वर मोठी करा. बाकीची फेकू नका, मागची बाजू रंग तपासायला होते.