किडनी कॅन्सरच्या उपचारांचा दर्जा मोजताय? या चुका टाळा

नवी मुंबईतल्या रुग्णालयांच्या गुणवत्ता विभागात मी बरीच वर्षं काढली आहेत. नव्याने आलेली मुलं हुशार असतात, पहिल्याच आठवड्यात टक्केवारी काढून आणतात. मी टक्केवारी बघतच नाही. छेदात, म्हणजे ज्या एकूण रुग्णांतून ती काढली त्यांत, कोण कोण घेतलंय, ते आधी विचारते. तिथेच बहुतेक वेळा उत्तर अडतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक पार्शल नेफ्रेक्टॉमीच्या (किडनीचा फक्त गाठीचा भाग काढण्याच्या) आकड्यात असते. गाठ ४ सेंटिमीटरपर्यंत असेल, तर शक्य तिथे फक्त गाठ काढायची आणि किडनी वाचवायची, हे आता सर्वमान्य आहे. त्यामुळे अशा किती रुग्णांची किडनी वाचली, हा निकष चांगलाच. पण यादी काढतात पॅथॉलॉजीच्या रजिस्टरमधून, ‘कार्सिनोमा’ हा शब्द शोधून! लहान गाठींपैकी साधारण पाचातली एक काढल्यावर कॅन्सरची नसतेच, ऑन्कोसायटोमा वगैरे निघते. ती माणसं या यादीत येतच नाहीत. वय आणि प्रकृती बघून ज्यांच्या गाठीवर नुसतं लक्ष ठेवलं, तीही येत नाहीत.

एका रुग्णालयात अशाच यादीवरून वर्षाचा आकडा फार छान आला होता. मला तो पटेना. सीटी स्कॅनचं आणि ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर शेजारी ठेवून दोन शनिवार नाव न् नाव जुळवलं. लहान गाठीसाठी ऑपरेशन झालेली काही नावं पॅथॉलॉजीच्या यादीत नव्हतीच, कारण त्यांची गाठ निरुपद्रवी निघाली होती. त्यातल्या तिघांची पूर्ण किडनी काढलेली होती. एक बाई तर पुढे रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनीचं काम कमी पडू लागलं, म्हणून खालच्याच मजल्यावर नेफ्रॉलॉजीच्या (किडनीविकारांच्या) ओपीडीत येत होत्या. कॅन्सर नव्हता, किडनी गेली, आणि आमच्या कागदावर त्या कुठेच नव्हत्या. दर्जा मोजायचा तो अशाच माणसांसाठी ना?

तेव्हापासून माझी यादी सीटीपासून सुरू होते. माप ऑपरेशनच्या आधीचं, कारण निर्णय त्याच मापावर झालेला असतो. नंतर पॅथॉलॉजीत गाठ ४.३ निघाली तरी मी रुग्णाला गटाबाहेर काढत नाही. गाठ अगदी मध्यात असल्याने किंवा दुसऱ्या काही कारणाने किडनी वाचवता आली नसेल, तर शेऱ्यात लिहिते, नाव मात्र ठेवते. याला वेळ लागतो. सॉफ्टवेअरमधून एका क्लिकवर रिपोर्ट मागणाऱ्यांना ते आवडत नाही, पण मला दुसरा विश्वासाचा रस्ता सापडलेला नाही.

कोड न बघता नावं गोळा करू नका. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीत, किडनीचा कॅन्सर सी६४ आणि रीनल पेल्व्हिसचा (किडनीतली लघवी जमते त्या भागाचा) सी६५. दुसऱ्याचं ऑपरेशनच वेगळं, त्यात मूत्रवाहिनीही काढतात. शिवाय लहान मुलांचा किडनीचा कॅन्सर, विल्म्स ट्यूमर, सी६४ मध्येच येतो, तो वेगळा काढा.

नुसतं क्रिएटिनिन लिहू नका. पंचेचाळीस किलोच्या आजींचं १.१ आणि धडधाकट तरुणाचं १.१ एक नाही. ईजीएफआर, म्हणजे वय वगैरे धरून काढलेला किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, लिहा, ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा.

प्रतीक्षेचे दिवस कुठून मोजायचे? इंग्लंडमध्ये संशयित कॅन्सरच्या तातडीच्या रेफरलपासून उपचारापर्यंत ६२ दिवसांची मर्यादा आहे, म्हणून तेच इथे उचलतात. पण आपल्याकडचा रुग्ण पनवेलमधल्या सोनोग्राफीचा कागद हातात घेऊन थेट येतो. मी त्या कागदावरची तारीख धरते.

नऊ रुग्णांची टक्केवारी काढू नका. ‘नवांपैकी आठ’ असंच लिहा.

आणि आता ती चूक, जिच्यामुळे मला खरोखर राग येतो. फॉलो-अपला न आलेला रुग्ण आजपर्यंत जिवंत आहे, असं धरून टाकणं. आमच्याकडच्या माणसाचा सीटी ठाण्यात, ऑपरेशन वाशीत, पुढची औषधं खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात, आणि शेवटी तो रत्नागिरीकडच्या गावी. चार ठिकाणी चार फाइली. एका मुलाने अशा सगळ्यांपुढे ‘हयात’ लिहून जगण्याचं प्रमाण काढलं होतं. मी त्याला शेजारी बसवलं आणि पहिल्याच नंबरवर फोन लावला. घणसोलीहून मुलाने उचलला. म्हणाला, “बाबा जाऊन आठ महिने झाले, मॅडम. तुमच्याकडून फोन येईल असं वाटलं नव्हतं.” नंतर तो वीस मिनिटं बोलत राहिला.

हिशेब शेवटच्या खऱ्या संपर्काच्या तारखेला थांबवायचा, हा नियम आहेच. तेवढ्याने भागत नाही, कारण यायचं थांबतात ते बरेचदा प्रकृती खालावल्यामुळेच. म्हणून संपर्क तुटलेल्यांची संख्या मी निकालाच्या शेजारीच छापते, तळटीपेत नाही. आणि पाच वर्षं झाली म्हणून नाव बंद करत नाही; हा आजार दहा वर्षांनीही परत आलेला दिसतो.

माझ्या शीटमध्ये ‘शेवटचं बोलणं’ असा एक रकाना आहे: तारीख, आणि कोणाशी बोलले ते नातं. या वर्षी अजून अकरा नावांपुढे तो रिकामा आहे. फोन संध्याकाळी सातनंतर लावते, तोवर मुलगा-सून कामावरून घरी आलेले असतात.