जुन्या मोटारीचे हेडलाइट मंद, बंद किंवा लुकलुकते: दोष कसा शोधायचा

जुन्या गाडीचे दिवे मंद झाले की बहुतेक जण आधी नवे बल्ब आणतात. बल्ब उडालाच असेल तर तेवढ्याने भागतं. पण कित्येक वर्षं जुन्या वायरिंगमध्ये बॅटरीचं व्होल्टेज बल्बपर्यंत पोहोचताना वाटेतच मुरतं. ते नेमकं कुठे मुरतं हे मोजून काढायचं आणि तेवढीच जागा दुरुस्त करायची. सगळं वायरिंग उपसायची वेळ क्वचितच येते.

हाताशी मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, दोन्ही टोकांना क्लिप लावलेली लांब जाड वायर, पॉलिश पेपर आणि जमलं तर त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम ठेवा. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. पुष्कळ जुन्या ब्रिटिश गाड्यांत हेडलाइटच्या सर्किटला फ्यूजच नसतो. तिथे पान्याचं टोक चुकून बॉडीला टेकलं तर सरळ वायर जळते. म्हणून काही सोडवायचं असेल तर आधी बॅटरीची अर्थची केबल (बॉडीला जोडलेली, करंटची परतीची वाट) काढा. शिवाय साठच्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत अर्थ पॉझिटिव्हला असतो. बॅटरीची कुठली केबल बॉडीला गेली आहे हे बघूनच पुढचं काम करा.

आधी लक्षण नीट बघा

एकाच बाजूचा दिवा मंद असेल, तर दोष त्याच बाजूला आहे: बल्ब, होल्डर किंवा अर्थिंग. दोन्ही एकदम मंद असतील तर स्विच, डिपर स्विच (अप्पर-डिपर बदलणारा) किंवा बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य वायरकडे बघा. अप्पर लागतो पण डिपर लागत नाही, तेही दोन्हीकडे, तेव्हा संशय डिपर स्विचवर घ्या. डिपरवर असताना डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवाही मिणमिणतो? मग अर्थिंग गेलं असं जवळजवळ समजाच. परतीची सरळ वाट बंद झाल्यामुळे करंट बल्बच्या दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा फिरून घरी जायला बघतो. आणि दिवे काही मिनिटं लागून आपोआप जातात, थोड्या वेळाने परत येतात, असं अमेरिकी गाडीत झालं तर स्विचमधला थर्मल ब्रेकर तापून सुटतोय.

बॅटरी आणि चार्जिंग

काही तास उभ्या असलेल्या गाडीची चांगली 12 व्होल्टची बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. इंजिन थोडं रेस करून, दिवे लावून मोजा. बॅटरी चार्ज करायला ऑल्टरनेटर असेल तर 13.8 ते 14.4 मिळायला हवं. डायनॅमोच्या (जुन्या पद्धतीच्या जनरेटरच्या) गाडीत आयडलिंगला दिवे मंदावतात, तो त्याचा स्वभावच आहे. तिथे दोष शोधत बसू नका. उलट 15 च्या वर आकडा गेला तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे, आणि बल्ब सारखे का उडतात याचं उत्तरही तेच.

दिवा लावूनच मोजा

इथेच बहुतेकांची गाडी अडते. सॉकेट काढून मोजलं तर मीटर 12 दाखवतो, सॉकेट लावलं की बल्ब पेटत नाही. मीटर जवळजवळ काहीच करंट खेचत नाही, त्यामुळे वायरची एक तार जरी शाबूत असली तरी त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. 55 वॉटचा बल्ब मात्र साडेचार अँपिअरच्या आसपास मागतो, आणि तेव्हा कच्च्या जागेचं पितळ उघडं पडतं.

म्हणून सॉकेट बसवून, दिवा चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या लाइव्ह, म्हणजे अर्थ नसलेल्या, खांबावर धरा (केबलच्या क्लँपवर नाही, खुद्द खांबावर) आणि दुसरी सॉकेटच्या मागून बल्बच्या लाइव्ह टर्मिनलवर. येणारा आकडा म्हणजे वाटेत हरवलेलं व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. एकाच्या वर गेलं तर काम आहे. मग दुसरी पिन मागे मागे आणत जा: सॉकेट, डिपर, स्विचचं आउटपुट, स्विचचं इनपुट, बॅटरीचा क्लँप. जो टप्पा ओलांडल्यावर आकडा एकदम उतरतो, दोष तिथेच.

इतकी कटकट एका व्होल्टसाठी कशाला? बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने पडतो. 12.6 च्या जागी 11.3 मिळाले की प्रकाश जवळपास 30 टक्के घटतो. 6 व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच वॉटला करंट दुप्पट लागतो, तिथे हे आणखी जाचतं.

अर्थिंग

अर्थची बाजूही अशीच मोजा: बॅटरीच्या अर्थच्या खांबापासून बल्बच्या अर्थच्या टर्मिनलपर्यंत. 0.2 व्होल्टच्या वर गेलं तर हेडलाइटमागची अर्थची (बहुधा काळी) वायर धरून शेवटपर्यंत जा. ती बहुधा मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर एका स्क्रूखाली बसवलेली असते. स्क्रू काढला की रिंगखाली हिरवट-पांढरा थर दिसतो, त्याखाली रंग, रंगाखाली गंज. चकचकीत धातू दिसेपर्यंत पॉलिश पेपर मारा, दातेरी वॉशर घालून कसा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. खात्री आधीच करायची असेल तर क्लिपची वायर बॅटरीच्या अर्थपासून थेट बल्बच्या अर्थला जोडून बघा. दिवा लख्ख झाला की निदान पक्कं.

स्विच, डिपर आणि रिले

दहा मिनिटं दिवे लावून स्विचला मागून हात लावा. गरम लागला तर आतले पॉइंट (एकमेकांना टेकणारे कॉन्टॅक्ट) जळालेत. थंड फिलामेंट पेटताना नेहमीच्या कैकपट करंट खेचतो, तो दणका हे पॉइंट वर्षानुवर्षं सोसत आलेले असतात. पायाने दाबायच्या डिपरमध्ये चिखल-पाणी जातं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-पंचवीस वेळा दाबून बघा.

स्विच साफ करता येतो, पण माझं मत रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारे स्विच) बसवावेत असंच आहे. अप्परला एक, डिपरला एक. बॅटरीपासून 2.5 चौरस मिमीची वायर फ्यूजमधून 30 नंबरच्या पिनला, 87 वरून बल्बकडे, जुन्या स्विचची वायर 86 ला आणि 85 अर्थला. हा फ्यूज बॅटरीजवळच हवा, आणि 87 च्या पुढे डाव्या-उजव्या दिव्याला वेगळा फ्यूज, म्हणजे त्यातला एक उडाला तर भर रात्री दोन्ही दिवे जात नाहीत. जुनं वायरिंग जागच्या जागी राहतं, हवं तेव्हा गाडी मूळ रूपात आणता येते.

नवा हॅलोजन बल्ब घालताना काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तिथे तापतं आणि बल्ब लवकर जातो. सगळं जोडून झालं की दिवा लावून दोन्ही बाजूंचं व्होल्टेज पुन्हा मोजा आणि आकडे डायग्रामच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.