हवाई दलात अधिकारी व्हायचे असेल तर : निवड मंडळासमोर जाण्यापूर्वीची तयारी

भारतीय हवाई दलात अधिकारी होऊ इच्छिणाऱ्याने पुस्तके विकत घेण्याआधी आपले वय, दृष्टी आणि शरीराची मापे तपासून घ्यावीत, कारण तिथे अभ्यासाचा काही उपाय चालत नाही. बारावीनंतर एनडीएमार्गे (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) जायचे असेल तर वय साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या दरम्यान हवे. पदवीनंतर एएफकॅट या हवाई दलाच्या सामायिक प्रवेश परीक्षेने जायचे असेल तर उड्डाण शाखेसाठी २० ते २४ आणि ग्राउंड ड्यूटी, म्हणजे जमिनीवरच्या कामाच्या शाखांसाठी २० ते २६ ही मर्यादा आहे. वैमानिकाची उंची किमान १६२.५ सेंटीमीटर, पायांची लांबी ९९ ते १२० सेंटीमीटर आणि मांडीची लांबी ६४ सेंटीमीटरच्या आत लागते. मांडीचा हा नियम अनेकांना विचित्र वाटतो. परंतु संकटकाळी वैमानिक आसनासह विमानाबाहेर फेकला जातो, त्या क्षणी गुडघे समोरच्या पॅनेलवर आपटू नयेत, हे ध्यानात घेतले की तो समजतो. रंग ओळखण्याची चाचणीही जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे आधीच करून घ्यावी.

त्यानंतर कागदपत्रे. माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष इथेच होते. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेले असते, आधार कार्डावर बहुधा शेवटी, आणि एखाद्या दाखल्यावर वडिलांचे नावच गळालेले असते. अर्जात नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरावे आणि बाकीची कागदपत्रे काही महिने आधीच त्याच्याशी जुळवून घ्यावीत.

एएफकॅटमध्ये दोन तासांत १०० प्रश्न सोडवायचे असतात. बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो, त्यामुळे अंदाजाने उत्तर देण्याची सवय मोडावी. मराठी माध्यमातून शिकलेल्याने इंग्रजी वर्तमानपत्राचे वाचन वर्षभर आधी सुरू करावे. शासनाची छत्रपती संभाजीनगर येथील सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून मुलांची एनडीएसाठी तयारी करून घेते आणि नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात मुलाखतीची तयारी होते. दोन्हींची चौकशी अवश्य करावी.

शारीरिक क्षमतेबाबत हवाई दलाची अपेक्षा स्पष्ट आहे : दहा मिनिटांत १.६ किलोमीटर धावणे, दहा पुश-अप आणि तीन चिन-अप (आडव्या दांड्याला लटकून हनुवटी दांड्याच्या वर नेणे). धावणे बहुतेकांना लवकर जमते, चिन-अप मात्र वेळ घेतात. त्यांचा सराव आधी सुरू करावा.

लेखी परीक्षेनंतर मुलाखत आणि इतर चाचण्यांसाठी निवड मंडळाचे बोलावणे येते. देहरादून, म्हैसूर, गांधीनगर आणि वाराणसी येथील निवड मंडळांत पहिल्या दिवशीच चाळणी होते आणि तीत न टिकलेले उमेदवार त्याच दिवशी परत पाठवले जातात, म्हणून परतीच्या गाड्यांची माहिती जवळ असू द्यावी. मानसशास्त्रीय चाचणीत ६० शब्द दाखवतात आणि प्रत्येक शब्दावर वाक्य लिहायला पंधरा सेकंद मिळतात. घरातल्या कोणाला तरी घड्याळ घेऊन समोर बसवावे आणि चिठ्ठ्यांवर लिहिलेले शब्द एकेक करून दाखवायला सांगावे. पहिली काही वाक्ये पाठ केलेली निघतील. हात थकू लागला की मनात खरोखर काय आहे ते कागदावर येते, आणि तेच दुसऱ्या दिवशी शांतपणे वाचावे. आई-वडील, शिक्षक आणि मित्र आपल्याविषयी काय म्हणतात हेही तिथे लिहावे लागते. ते कल्पनेने लिहू नये. आईसमोर बसून विचारावे, ती जे दोष सांगेल तेही टिपून घ्यावेत, कारण मुलाखतीत याच उत्तरांवर पुढचे प्रश्न निघतात.

उड्डाण शाखेच्या उमेदवाराने संगणकीकृत वैमानिक निवड चाचणीची वेगळी काळजी घ्यावी. ती आयुष्यात एकदाच देता येते. तीत अनुत्तीर्ण झालेल्यास पुन्हा उड्डाण शाखेसाठी अर्ज करता येत नाही, इतर शाखा मात्र खुल्या राहतात. म्हणून बोलावणे आलेल्या आठवड्यात ताप असेल किंवा मनगट दुखावले असेल, तर तसेच रेटून न जाता मंडळाकडे तारीख बदलून देण्याची लेखी विनंती करावी.