छोटे डेस्कटॉप ॲप आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारी: या चुका टाळा

सार्वजनिक वाचनालयातील पुस्तकांची देवघेव नोंदवणारे एक छोटे डेस्कटॉप ॲप मी एकट्याने लिहिले आणि गेली काही वर्षे एकटाच सांभाळतो आहे. ते पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेले आहे, सगळी माहिती एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका फाइलीत ठेवते आणि इंटरनेट नसले तरी चालते. एका वाचनालयासाठी केलेले हे काम ओळखीओळखीने आणखी काही वाचनालयांत पोहोचले आणि तक्रारी येऊ लागल्या. त्या तक्रारींमुळेच ॲप सुधारले यात शंका नाही. परंतु मागे वळून पाहता ॲपमधल्या चुकांइतक्याच तक्रारी ऐकून घेण्यातल्या चुकाही मला महागात पडल्या. एकट्याने असे ॲप चालवणाऱ्याला त्यांतल्या काही तरी टाळता याव्यात, म्हणून त्या येथे मांडत आहे.

मागणी जशीच्या तशी अमलात आणणे

"चुकीची नोंद खोडायची सोय द्या" ही मला आलेली पहिली मागणी. मी त्याच संध्याकाळी प्रत्येक पुस्तकापुढे ‘नोंद काढा’ असे बटण दिले आणि स्वतःच्या तत्परतेवर खूश झालो. काही महिन्यांनी दाखल नोंदवहीची, म्हणजे वाचनालयात आलेले प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन नोंदवलेल्या वहीची, छापील प्रत काढताना मधले दाखल क्रमांकच गायब असल्याचे दिसले. ग्रंथालयाच्या कामात दाखल क्रमांक एकदा दिला की तो त्या पुस्तकाचाच राहतो. पुस्तक फाटले, हरवले किंवा निर्लेखित (रीतसर बाद) केले तरी नोंद उरते आणि तिच्यापुढे शेरा येतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली मान्यता आणि अनुदान मिळणाऱ्या वाचनालयाला तपासणीच्या वेळी ही नोंदवही समोर ठेवावी लागते. शिवाय, काढून टाकलेल्या पुस्तकांच्या जुन्या देवघेवीच्या नोंदी कोणत्याच पुस्तकाशी न जुळता तशाच लोंबकळत राहिल्या होत्या.

ग्रंथपालांना खरे तर दोन वेगळ्या गोष्टी हव्या होत्या: टंकताना झालेली चूक लगेच दुरुस्त करता यावी आणि बाद झालेले पुस्तक देवघेवीच्या यादीत दिसू नये. दोन्हींसाठी त्यांच्या तोंडी ‘खोडणे’ हा एकच शब्द होता. तेव्हापासून मागणी आली की मी आधी एकच प्रश्न विचारतो, "हे तुम्हाला शेवटचे कधी लागले आणि तेव्हा तुम्ही काय करत होता?" या प्रश्नाच्या उत्तरात बहुतेक वेळा मागणीपेक्षा वेगळेच काही निघते.

‘शोध चालत नाही’

ही तक्रार मी दोनदा ‘आमच्याकडे तर चालतो’ असे म्हणून परत पाठवली, आणि ही माझी सर्वांत मोठी चूक होती. तिसऱ्या वेळी ग्रंथपालबाईंनी पडद्याचा फोटो पाठवला. शोधाच्या चौकटीत ‘दुसऱ्या’ असे लिहिलेले होते, खाली निकाल शून्य होते, आणि त्याच शब्दाने सुरू होणारे पुस्तक त्यांनी हातात धरलेले होते.

कारण डोळ्यांना दिसणारे नव्हते. संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत म्हणजे युनिकोड. त्या वाचनालयाची जुनी यादी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली होती आणि एका परिवर्तकातून ती युनिकोडमध्ये आणलेली होती. त्या परिवर्तकाने ‘दुसऱ्या’तल्या आडव्या ‘र’साठी साधा र, हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा क्रम वापरला होता. बाई ज्या कळफलकावर टंकत होत्या, तो त्याच ठिकाणी ०९३१ या क्रमांकाचा वेगळा ऱ आणि हलन्त देत होता. ‘दुसर्‍या’ आणि ‘दुसऱ्या’ पडद्यावर एकसारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द आहेत. माझी चाचणीची यादी मी स्वतःच एका कळफलकावर टंकलेली असल्यामुळे मला ही अडचण कधीच दिसली नसती.

मग शोधता शोधता त्याच घरातली इतर भावंडेही सापडली. परिवर्तित यादीत ‘ऑफिस’ हा शब्द आ आणि वरचा चंद्र असा दोन चिन्हांनी लिहिलेला होता, तर कळफलक त्याच अक्षरासाठी एकच चिन्ह देत होता. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीच्या मजकुरात अ आणि चंद्र अशी जोडी असते. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एका रूपात आणण्याची ठरलेली प्रक्रिया, केले की हे सगळे मिटेल, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली, कारण या जोड्या प्रमाणानुसार समान मानलेल्या नाहीत. त्यासाठी कोणते चिन्ह कशात बदलायचे याचा स्वतःचा बदलतक्ता लिहावा लागतो.

तो लिहिताना आणखी एक घसरण होते. अदृश्य जोडचिन्हे सरसकट काढून टाकली की काम सोपे होईल असे वाटते. पण तसे केले तर ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ होते आणि स्वयंपाकी शोधायला निघालेल्या वाचकाला धर्मगुरू भेटतात. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी जुन्या पद्धतीचा आडवा र नव्या ऱ मध्ये बदलावा, मग उरलेली अदृश्य चिन्हे काढावीत, आणि हे सगळे मूळ शीर्षकावर न करता शोधापुरत्या ठेवलेल्या वेगळ्या रकान्यात करावे. मूळ नोंद ग्रंथपालांनी लिहिली तशीच राहिली पाहिजे. वापरणाऱ्याने चौकटीत टंकलेला शब्दही त्याच तक्त्यातून नेला नाही, तर सगळी मेहनत वाया जाते.

‘काही पुस्तके यादीतच नाहीत’ ही तक्रारही याच मुळाची होती. पुस्तके होती, पण ‘ॲ’ने सुरू होणारी सगळी शीर्षके ‘ह’च्याही नंतर, यादीच्या अगदी तळाशी जाऊन बसली होती, कारण मी अक्षरांच्या युनिकोड क्रमांकानुसार यादी लावत होतो आणि ‘ॲ’चा क्रमांक ‘ह’च्या पुढचा आहे. ‘ळ’ही त्या क्रमात ‘ल’च्या लगेच पुढे येतो, तर आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. मराठी यादी लावायची असेल तर वर्णानुक्रमाचा नियम ॲपला सांगावा लागतो. तो आपोआप येत नाही.

‘बंद पडले’ एवढ्यावर अंदाज बांधत बसणे

तक्रार करणारा माणूस तंत्रज्ञ नसतो आणि त्याने असावे अशी अपेक्षाही करू नये. त्याच्याकडून आवृत्ती क्रमांक, विंडोजची आवृत्ती आणि आधी काय दाबले याची फोनवर उलटतपासणी घेण्यात माझे कित्येक तास गेले. अखेर मी मदतीच्या पानावर ‘तक्रारीची माहिती कॉपी करा’ असे बटण दिले. ते ॲपची आवृत्ती, विंडोजची आवृत्ती, पडद्याचे मोजमाप आणि ॲपने काय काय केले याच्या कार्यनोंदीतल्या शेवटच्या काही ओळी एकत्र करून देते. ग्रंथपाल ती व्हॉट्सॲपवर चिकटवतात. या माहितीत सभासदांची नावे किंवा फोन क्रमांक येणार नाहीत याची खात्री आधी करून घ्यावी. तसेच ‘तुमची सगळी फाइल पाठवून द्या’ असे म्हणण्याची सवय मोडावी. त्या फाइलीत साऱ्या गावाचे पत्ते आणि कोण काय वाचतो याची नोंद असते, आणि ती आपल्या लॅपटॉपवर पडून राहणे बरे नाही. माझ्या ॲपमध्ये आता नावांच्या जागी क्रमांक घालून प्रत काढण्याची सोय आहे.

पडद्याच्या मोजमापाचा उपयोग पहिल्याच आठवड्यात झाला. ‘जतन करा हे बटणच नाही’ अशी तक्रार होती. तो लॅपटॉप १३६६ बाय ७६८ चा होता आणि अक्षरे नीट दिसावीत म्हणून विंडोजमध्ये १२५ टक्के मोठेपणा ठेवला होता. म्हणजे ॲपला उभी जागा जेमतेम ६१४ उरत होती, आणि माझी खिडकी ६५० उंच होती. बटण होते, पण पडद्याच्या खाली. स्वतःच्या मोठ्या पडद्यावर ॲप लिहिणाऱ्याने हे एकदा तरी मुद्दाम करून पाहावे.

माहितीच्या फाइलीबाबत गाफील राहणे

सुरुवातीला मी माहितीची फाइल ॲपच्याच फोल्डरमध्ये, प्रोग्रॅम फाइल्सखाली ठेवत होतो. त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी साध्या वापरकर्त्याला नसते. अशा वेळी जुन्या धाटणीच्या ॲपचे लिखाण विंडोज गुपचूप व्हर्च्युअलस्टोर नावाच्या वेगळ्या ठिकाणी वळवते. परिणामी, सकाळच्या पाळीतले आणि संध्याकाळच्या पाळीतले कर्मचारी वेगवेगळ्या खात्यांतून काम करत असतील, तर दोघांच्या दोन निराळ्या याद्या तयार होतात. फाइल सर्वांना लिहिता येईल अशा सामाईक जागी ठेवावी आणि ती जागा ॲपमध्ये स्पष्ट दाखवावी.

दुसरी बाब पेनड्राइव्हवरच्या प्रतीची. ‘प्रत घेतली होती, पण शेवटच्या दोन दिवसांच्या नोंदी नाहीत’ अशी तक्रार आली तेव्हा मला आधी ग्रंथपालांचाच संशय आला. दोष माझा होता. एसक्यूलाइटमध्ये वेग मिळावा म्हणून मी वॉल ही पद्धत चालू केली होती. तिच्यात ताज्या नोंदी काही काळ शेजारच्या वेगळ्या फाइलीत राहतात, आणि ॲप उघडे असताना फक्त मुख्य फाइल उचलली की त्या मागे राहतात. आता प्रत घेण्याचे बटण ॲपमध्येच आहे आणि ते ‘व्हॅक्यूम इन्टू’ हा आदेश वापरते, जो एसक्यूलाइटच्या ३.२७ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, मिळतो. तो चालू फाइलीची सलग, पूर्ण प्रत काढून देतो. वॉल पद्धतीची फाइल दोन संगणकांमध्ये नेटवर्कवरून वापरू नये. ती पद्धत तशा वापरासाठी नाहीच.

एक्सेलसाठी यादी काढून देताना फाइलीच्या सुरुवातीला युटीएफ-८ ची, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये आहे हे सांगणारी, खूणचिठ्ठी घालायला विसरू नये, नाहीतर दुहेरी टिचकी मारून उघडलेल्या फाइलीत मराठीऐवजी चित्रविचित्र चिन्हे दिसतात. ‘००४१७’ हा दाखल क्रमांक एक्सेलमध्ये ‘४१७’ होतो, हेही आधीच सांगून ठेवावे.

नवी आवृत्ती उत्साहाच्या भरात सोडणे

एका दुरुस्तीबरोबर मी पायथनची आवृत्तीही बदलली आणि दोन वाचनालयांत ॲप उघडेनासे झाले. तेथे विंडोज ७ होते, आणि पायथन ३.९ पासून विंडोज ७ वर चालत नाही. मायक्रोसॉफ्टने त्या विंडोजचा आधार जानेवारी २०२० मध्ये थांबवला असला, तरी देणगीतून मिळालेला संगणक वाचनालय त्या तारखेला फेकून देत नाही. दुरुस्ती आणि साधनांची अद्ययावतता या दोन गोष्टी एकाच आवृत्तीत करू नयेत.

फाइलीची रचना बदलायची असेल तर बदलापूर्वी आपोआप प्रत घ्यावी आणि रचनेचा क्रमांक फाइलीतच नोंदवावा. लोक मधल्या आवृत्त्या गाळून थेट पुढच्या आवृत्तीवर येतात, त्यामुळे सर्वांत जुन्या फाइलीपासून आजपर्यंतचा प्रत्येक टप्पा क्रमाने चालतो का, हे तपासावे.

ॲप कोणी बनवले याची खूण असलेली डिजिटल स्वाक्षरी नसलेले ॲप उतरवून घेतले की विंडोज निळ्या पडद्यावर इशारा देते. स्वाक्षरीचे प्रमाणपत्र महाग आहे, आणि जून २०२३ पासून त्याची खाजगी किल्ली सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, म्हणून छोट्या माणसाला ते टाळावेसे वाटते. टाळायचेच असेल तर तो इशारा कसा दिसेल याचे चित्र आधीच पाठवावे. मात्र ‘अँटिव्हायरस बंद करून टाका’ असा सल्ला कोणालाही, कधीही देऊ नये. तो सल्ला मी एकदा दिला आहे आणि आजही त्याची लाज वाटते.

प्रत्येक मागणीसाठी सेटिंगमध्ये एकेक चौकट वाढवत नेणे हीदेखील चूकच. माझ्या सेटिंगच्या पानावर एके काळी इतक्या चौकटी झाल्या होत्या की कोणती कशासाठी आहे हे मलाच आठवत नसे.

शेवटची चूक म्हणजे दुरुस्ती झाल्यावर ती कोणाला न सांगणे. बदलांच्या यादीत मी ‘किरकोळ दुरुस्त्या’ असे लिहीत असे. आता ‘ॲ’ची पुस्तके ‘अ’च्या शेजारी दिसतील, असे वाचनालयाच्या भाषेत लिहितो आणि ज्यांनी तक्रार केली त्यांना फोन करतो. पहिला फोन त्या ग्रंथपालबाईंनाच केला. त्यांनी यादी उघडून पाहिली, बरे वाटल्याचे सांगितले आणि सहज म्हणाल्या, "सर, आता पावतीवरची तारीखही बघा ना, महिना आधी येतो. आम्ही पेनाने खोडून नीट करतो." मी तारखेचे रूप विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगवरून घेत होतो आणि त्या संगणकावर ते अमेरिकी होते. पावती दोन वर्षे तशीच छापली जात होती.